लिहिलेला राग : दिल्लीच्या आकाशवाणी वाद्यवृंदाची पूर्वपीठिका आणि वाटचाल

हिंदुस्थानी रागसंगीतात रचना करणारा आणि ती गाणारा-वाजवणारा या दोन भूमिका बहुतेक वेळा एकाच व्यक्तीकडे राहिल्या आहेत. बंदिश, म्हणजे राग, ताल आणि शब्द यांत बांधलेली स्थायी-अंतऱ्याची रचना, चार-सहा ओळींपुरतीच असते. तिच्या आधाराने होणारी आलापी, बोलबढत आणि तानक्रिया कोणी आधी ठरवून देत नाही, आणि कलावंताची खरी ओळख त्याच भागात पटते. अशा संगीतात नव्या-जुन्याचा वाद रचनेपेक्षा मांडणीभोवती अधिक फिरला आणि घराण्याघराण्यांतील मतभेद काय गायले यापेक्षा कसे गायले यावरून अधिक झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर दिल्लीत मात्र हा वाद थेट रचनेपाशी येऊन ठेपला, कारण १९५२ मध्ये ऑल इंडिया रेडिओने ‘वाद्यवृंद’ या नावाने एक राष्ट्रीय वादकसमूह उभा केला, आणि अनेक वादकांनी एकाच वेळी एकच राग वाजवायचा तर तो कोणीतरी आधी लिहून काढणे भाग होते. आधी लिहिलेला राग हा राग उरतो का, हा प्रश्न या संस्थेमुळे जितक्या ठळकपणे पुढे आला तितका तो पूर्वी क्वचितच आला असेल. या प्रयोगाची जमीन तयार करण्यात महाराष्ट्रातील माणसांचा वाटा मोठा होता, आणि त्याची दखल मराठी संगीतचर्चेत पुरेशी घेतली गेलेली नाही.

समूहाने वाजवण्याची कल्पना भारतीय संगीतशास्त्राला परकी नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगभूमीवरील वादकसमूहाला ‘कुतप’ असे नाव आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गायक-वादकांच्या ‘वृंदा’चे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे भेद सांगितले आहेत. त्याच ग्रंथात ‘वाग्गेयकार’ या भूमिकेचेही सविस्तर वर्णन येते. शब्द आणि त्यांचे गेय रूप ही दोन्ही जो निर्माण करतो तो वाग्गेयकार. म्हणजे समूह आणि रचनाकार या दोन्ही कल्पना ग्रंथांत पूर्वापार होत्या. परंतु पुढील शतकांत दरबारी आणि खासगी मैफिलीचे संगीत एका मुख्य कलावंताभोवती आणि त्याच्या मोजक्या साथीदारांभोवती वाढत गेले, आणि वृंद ही गोष्ट उत्सव, मिरवणूक आणि नाट्य यांच्याकडे राहिली. चौघड्यासारख्या नगारखान्याच्या परंपरेत अनेक वादक एकत्र वाजवीत राहिले, तरी रागाचा विस्तीर्ण विचार मांडण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले नव्हते.

दिल्लीच्या संदर्भात ‘परंपरा’ कशाला म्हणायचे, हे ठरवताना अठराव्या शतकाकडे पाहणे अपरिहार्य ठरते. मुहम्मदशाह (कारकीर्द १७१९ ते १७४८) याच्या दरबारातील बीनकार नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या मुद्रेने, म्हणजे रचनेत गुंफलेल्या टोपणनावाने, ख्यालाच्या असंख्य बंदिशी रचल्या. ख्याल त्यांच्या आधीही गायला जात होता, पण धृपदाच्या तोडीचा दर्जा त्याला दरबारात मिळाला तो मुख्यतः त्यांच्या आणि ‘अदारंग’ या मुद्रेने रचना करणाऱ्या फिरोज खाँ यांच्या कामामुळे. निजामासोबत दख्खनेतून दिल्लीस आलेल्या दर्गाह कुली खाँ याने १७३८ ते १७४१ या काळातील शहराचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात नियामत खाँ यांच्या कीर्तीचा आदराने उल्लेख आहे. सतारीचा उगम अमीर खुसरोपाशी नेणारी लोकप्रिय कथा बाजूला सारून अलीकडील संशोधन तिचा संबंध याच नियामत खाँ यांचे बंधू खुसरो खाँ यांच्याशी जोडते. आज ज्या दोन गोष्टींना हिंदुस्थानी परंपरेचे गाभ्यातले धन मानले जाते, तो दरबारी ख्याल आणि ती सतार, या दोन्ही एकाच शहरात, एकाच घरात, अडीच-तीनशे वर्षांपूर्वी घडलेल्या नवनिर्मिती आहेत. धृपदाच्या अभिमान्यांना त्या काळी ख्याल हलका वाटत असे, आणि स्वतः सदारंगांच्या वंशजांनी ख्याल न गाता बीन आणि धृपदच जपले, असे परंपरा सांगते. दिल्लीतील पुढचा वाद समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१८५७ नंतर दिल्लीचा दरबार संपला आणि गवयी-वादक ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर, हैदराबाद, बडोदा अशा संस्थानांत पांगले. पुढच्या अर्धशतकात रचना कागदावर उतरवण्याचे जे मोठे काम झाले ते महाराष्ट्रातील दोन विष्णूंनी केले. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि वर्गात शिकवता येईल अशी स्वरलिपी तयार केली. विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्यांकडून बंदिशी मिळवून त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांची लिपी साधी होती: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र आणि तार सप्तकांसाठी खाली-वर बिंदू, आणि एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली कंस. बडोद्याच्या १९१६ च्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेनंतर भातखंडे यांच्या पुढाकाराने दुसरी परिषद १९१८ मध्ये दिल्लीत भरली. भातखंडे स्वतः ‘चतुर’ या मुद्रेने रचना करीत, आणि रागाचे नियम त्याच रागात बांधून सांगणारी ‘लक्षणगीते’ त्यांनी मोठ्या संख्येने रचली. जुने जतन करणारा हा मनुष्य त्या अर्थाने आपल्या काळातील एक अत्यंत उद्यमी नवा रचनाकारही होता. या दोन्ही लिपींनी बंदिशीचा सांगाडा नेमका पकडला, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे), कण (मुख्य स्वराला स्पर्शून जाणारा शेजारचा स्वर) आणि आंदोलन (स्वराचा संथ हेलकावा) यांचा प्रत्यक्ष आकार त्यांत पूर्णपणे मावला नाही. एकल गायकाला त्याची अडचण नव्हती, कारण तो भाग गुरूकडून कानावाटे मिळत होता. वीस जणांच्या समूहाला तीच उणीव पुढे सर्वांत जड गेली.

दिल्लीत नभोवाणी केंद्र सुरू झाले १ जानेवारी १९३६ रोजी, आणि त्याच वर्षी जूनमध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराकडे आली. फोल्ड्स हे इंग्लंडमध्ये नाव मिळवलेले रचनाकार होते आणि त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी यांनी भारतीय संगीताचा प्रत्यक्ष अभ्यास केला होता. फोल्ड्स यांनी दिल्लीत भारतीय वादकांना लिहिलेले संगीत वाचून एकत्र वाजवण्याची सवय लावली, भारतीय वाद्यांचा एक छोटा वृंद तयार केला आणि पूर्व-पश्चिम वाद्यांना एकत्र आणणारी एक सिंफनीही रचली. ती आज उपलब्ध नाही. १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचे निधन झाले आणि त्यांचे काम तिथेच थांबले. त्यांनी मागे ठेवलेला अधिक टिकाऊ वारसा वेगळाच होता. पेटीच्या ठरावीक, समान अंतराने लावलेल्या स्वरांमुळे भारतीय श्रुतींचा, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांचा, घात होतो आणि तिच्यावर मींड काढता येत नाही, हा आक्षेप त्यांनी १९३८ मध्ये जोरकसपणे मांडला. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचेही मत पेटीच्या विरुद्ध होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली आणि ती बंदी १९७१ नंतर, तीही अटींसह, सैल झाली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी ज्या वाद्याला मैफिलीत मानाचे स्थान मिळवून दिले, ते वाद्य देशाच्या राजधानीतील स्टुडिओत तीन दशके निषिद्ध राहिले. परंपरेच्या नावाने घातलेल्या या बंदीचा युक्तिवाद बऱ्याच अंशी एका युरोपीय नवतावाद्याने पुरवला होता, हे या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण आहे.

वृंदवादनाची दुसरी वाट नृत्याकडून आली. उदय शंकर यांच्या नृत्यपथकात वेगवेगळ्या भारतीय वाद्यांचा ताफा असे, आणि तिमिर बरन यांच्यानंतर त्याचे संगीतदिग्दर्शन पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी सांभाळले. याच पथकाबरोबर उदय शंकर यांचे धाकटे बंधू रवि शंकर लहानपणी युरोप-अमेरिकेत फिरले. ज्या अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे ते पुढे मैहर येथे सतार शिकले, त्यांनी १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना एकत्र करून ‘मैहर बँड’ उभा केला होता. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो यांबरोबर बंदुकीच्या नळ्यांपासून केलेले ‘नलतरंग’ही त्यात वाजत असे. वाद्यवृंदाचा खरा पूर्वज मैहरच्या या मुलांमध्ये शोधावा लागतो. रवि शंकर १९४९ मध्ये दिल्लीत ऑल इंडिया रेडिओच्या परदेश सेवा विभागाचे संगीत दिग्दर्शक झाले आणि त्या विभागासाठी त्यांनी एक वादकसमूह बांधला. तोच १९५२ मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या रूपाने विस्तारला; रवि शंकर यांच्या जोडीला कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिनवादक टी. के. जयराम अय्यर यांची नियुक्ती झाली, जेणेकरून उत्तर आणि दक्षिण या दोन्ही पद्धतींना त्यात स्थान राहावे.

या घडामोडींमागे उभे असलेले मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी होते. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे होते, आणि स्वतंत्र भारताच्या संगीतजीवनावर इतका प्रभाव टाकणारा दुसरा राजकारणी क्वचितच झाला असेल. २० जुलै १९५२ रोजी रात्रीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाची सुरुवात झाली, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले, आणि कलावंतांची श्रेणी ठरवणारी चाचणीपद्धती लागू झाली, जिच्या अंमलबजावणीत भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा मोठा सहभाग होता. संस्थानांचा आश्रय संपत असताना शेकडो गायक-वादकांच्या घरी पगार आणि मानधन पोहोचले ते या दशकात, आणि ही केसकरांची थोर कामगिरी निःशंकपणे मान्य करावी लागते. त्याच काळात चित्रपटगीते नभोवाणीवरून जवळपास हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून खात्याला माघार घ्यावी लागली. केसकरांच्या विचारातील अधिक गंभीर दोष मात्र दुसरा होता. मुसलमान दरबार आणि घराणी यांच्या हाती संगीत शास्त्रापासून तुटले आणि खालावले, अशी त्यांची समजूत होती, आणि ती इतिहासाला धरून नव्हती. ज्या ख्यालाचे ते रक्षण करू पाहत होते तो सदारंगांनी मुहम्मदशाहाच्या दरबारात घडवलेला होता, आणि ज्या वाद्यवृंदाला त्यांच्या खात्याने राष्ट्रीय दर्जा दिला त्याची रीत अल्लाउद्दीन खाँ यांच्या मैहरमधून आलेली होती.

वाद्यवृंदापुढील अडचण नेमकी काय होती, ती रागाच्या रचनेतून समजते. पाश्चात्त्य वाद्यसमूहाची भव्यता प्रामुख्याने स्वरसंघातांतून येते, म्हणजे तीन-चार वेगळे स्वर एकाच क्षणी वाजण्यातून. रागात स्वर एकामागून एक येतात आणि त्यांचा अर्थ क्रमातून ठरतो. मालकंसात षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद एवढेच स्वर आहेत. षड्जावर उभारलेल्या साध्या स्वरसंघाताला पंचम लागतो, आणि मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने असा संघात लावताक्षणी राग मोडतो. मारव्यात षड्ज मुद्दाम लांबवून, टाळून रागाची बेचैनी निर्माण केली जाते. तिथे मागील वाद्यांनी आधाराचा षड्ज भरघोस वाजवत ठेवला तर त्या रागाचा प्राणच जातो. दरबारी कानड्यातील गंधार आंदोलित असतो, आणि तो हेलकावा प्रत्येक वादकाच्या तालमीप्रमाणे थोडा वेगळा पडतो. दहा जणांनी तो एकत्र घेतला तर एक गंधार ऐकू येण्याऐवजी दहा गंधारांचा घोळका ऐकू येतो. त्यामुळे असे आंदोलित, मींडप्रधान राग समूहासाठी अवघड ठरतात आणि ज्यांचे स्वर ठामपणे उभे राहतात असे राग सोयीचे होतात. रचनाकाराच्या आवडीआधी समूहाची शक्यताच रागाची निवड करू लागते, आणि परंपरेच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

मग रचनाकाराच्या हाती उरते काय? एकच स्वरावली तीन सप्तकांत वाटून देणे. सतारीने सुरू केलेले वाक्य बासरीने पुरे करणे. सवाल-जवाब, म्हणजे एका वाद्याने टाकलेला तुकडा दुसऱ्याने उत्तरादाखल फिरवून देणे. चेलो आणि दुय्यम व्हायोलिनांकडे मंद्रातील संथ प्रवाह ठेवून वर सरोदाला मोकळीक देणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाद्यांचे रंग एकमेकांवर चढवत नेणे. लयीचाही प्रश्न होता. मैफिलीत विलंबितातून द्रुतापर्यंतचा प्रवास मुख्य कलावंत आणि तबलजी नजरेच्या इशाऱ्यावर पार पाडतात. समूहात तबल्याचा ठेका आणि निर्देशकाचा हात अशी लयीची दोन केंद्रे तयार होतात, आणि त्यांतले प्रमाण कोण हे आधी ठरवावे लागते. वाद्यवृंदातील अनेक वादक स्वतः नामांकित एकल कलावंत होते. त्यांना आयुष्यभर उपज करण्याची, म्हणजे सुचेल ते त्या क्षणी मांडण्याची सवय. इथे त्यांनी समोरच्या कागदाबाहेर एक स्वरही जास्त घ्यायचा नव्हता. परंपरावाद्यांचा खरा आक्षेप याच ठिकाणी होता आणि तो पोकळ म्हणता येत नाही, कारण उपज काढून घेतल्यावर रागाचा जो भाग उरतो तो भातखंडे यांच्या पुस्तकातील पानासारखा अचूक आणि अपुरा असू शकतो.

रवि शंकर यांनी यातून काढलेला मार्ग मिताक्षरी होता. कधी रागावर आधारलेली, कधी लोकधुनांवरची, कधी एखाद्या कथाविषयावरची रचना असे प्रकार त्यांनी हाताळले आणि वाद्ये एकदम सर्व न वाजवता गटागटाने वापरली. दिल्लीतील नोकरीत असतानाच त्यांनी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे (१९५५) संगीत केले, मोजक्या वाद्यांतून मोठा अवकाश उभा करण्याची त्यांची हातोटी त्यात स्पष्ट दिसते, आणि वाद्यवृंदातील सवयीचा तिला उपयोग झाला असणे स्वाभाविक आहे. १९५६ च्या आरंभी ते नोकरी सोडून गेले आणि त्याच वर्षी बासरीवादक पन्नालाल घोष वाद्यवृंदाचे निर्देशक म्हणून दिल्लीस आले. पन्नालाल हे स्वतःच नव्या-जुन्याच्या वादाचे जिवंत उत्तर होते. लोकवाद्य समजली जाणारी बासरी त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची करून तिच्यात ख्यालाचा गंभीर आलाप आणला, तीव्र मध्यमासाठी सातवे छिद्र पाडले, आणि नूपुरध्वनी, चंद्रमौळी, दीपावली यांसारखे राग निर्माण केले. वाद्यवृंदासाठी त्यांनी केलेल्या रचनांपैकी ‘कलिंगविजय’ विशेष गाजली. अशोकाचा सिंहस्तंभ राजमुद्रा म्हणून स्वीकारणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाच्या नभोवाणीने कलिंगयुद्ध हा विषय घेणे सयुक्तिकच होते. २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. वीणावादक एमनी शंकर शास्त्री यांनी त्यानंतरच्या काळात कर्नाटक बाजूने वाद्यवृंदाची धुरा वाहिली, आणि १९६३ मध्ये पन्नालाल यांचे मेहुणे, हिंदी चित्रपटसंगीतातील ज्येष्ठ संगीतकार अनिल विश्वास, मुंबई सोडून निर्देशक म्हणून दिल्लीत स्थायिक झाले.

या नावांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. रवि शंकर यांनी १९४६ मध्येच चित्रपटांना संगीत दिले होते, पन्नालाल यांनी मुंबईच्या चित्रसृष्टीत काम केले होते, शंकर शास्त्री मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काम करून आले, आणि अनिल विश्वास तर चित्रपटातील वाद्यमेळाच्या जडणघडणीतील अग्रणी. ज्या खात्याने चित्रपटसंगीताला संकराचा दोष देऊन दूर ठेवले त्याच खात्याच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची सूत्रे पुन्हा पुन्हा चित्रपटांतून आलेल्या माणसांकडे गेली. त्याचे कारण सरळ आहे. अनेक वाद्यांसाठी आधी लिहून रचना करण्याची शाळा देशात घराण्यांकडे नव्हती, विद्यापीठांकडे नव्हती; ती चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांतच होती. त्या शाळेचे शिक्षक बऱ्याच प्रमाणात गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी चर्चच्या संगीतशाळेत मिळवलेले लिपीचे शिक्षण मुंबईत आणले, आणि गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यसमूह उभारून सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना जोडणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. दिल्लीतील सरकारी प्रयोग आणि मुंबईतील हा खासगी प्रयोग समकालीन होते, दोघांना एकमेकांची गरज होती, आणि दोघांची गाठ पडली नाही. गोन्साल्विस यांच्याजवळ स्वरसंघातांचे सखोल ज्ञान होते, दिल्लीजवळ रागाचे; ही दोन्ही ज्ञाने एका छताखाली आणण्याची संधी धोरणाने गमावली, आणि हे नुकसान मोठे होते.

परंपरेच्या बाजूला उभी असलेली माणसेही नव्याच्या विरोधात नव्हती. रातंजनकरांनी ‘सुजान’ या मुद्रेने शेकडो बंदिशी बांधल्या, सालगवराळीसारखे राग निर्माण केले आणि कर्नाटक संगीतातील ‘वर्णम्’ या प्रकाराच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत रचना केल्या. त्यांच्या शिष्या सुमती मुटाटकर यांनी दिल्लीत आधी आकाशवाणीत आणि नंतर दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विद्याशाखेत दीर्घकाळ काम करून या विचाराची शिस्त राजधानीत रुजवली. त्यांच्या लेखी रचना म्हणजे बंदिश, आणि बंदिशीचे काम गायकाला वाट दाखवण्याचे. उरलेली वाट त्याने स्वतः चालायची. याच दिल्ली विद्यापीठात १९६० ते १९६५ या काळात पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे शिकून आलेले वनराज भाटिया पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते. एका शहरात रचनेच्या दोन पूर्ण वेगळ्या कल्पना अशा शेजारी नांदल्या, तरी भाटिया यांची भारतीय-पाश्चात्त्य मांडणी बहरली ती पुढे मुंबईत, श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांतून. १९५२ मध्ये दिल्लीत जन्मलेले परम वीर हे ऑपेरा-रचनाकारही १९८४ मध्ये लंडनला गेले.

वृंदगायनाला मात्र दिल्लीत वाद्यवृंदापेक्षा अधिक लोकाश्रय लाभला. विनायकराव पटवर्धन यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि पलुस्करांची समूहगायनाची परंपरा तिथे ‘गांधर्व वृंदा’च्या रूपाने वाढली, कुमार गंधर्वांचे शिष्य मधुप मुद्गल यांनी पुढे तिचे दिग्दर्शन केले. मौद्गल्य यांनी लिहिलेले एक गीत विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ या अनुबोधपटातून देशभरातील मुलांपर्यंत पोहोचले, आणि त्याला चाल होती वसंत देसाई यांची. शब्दांचा आधार असला की समूहातील रागाला श्रोत्याच्या मनात लवकर घर करता येते. निव्वळ वाद्यांच्या रचनेला तो आधार नसतो, आणि तिला वारंवार, समोरासमोर ऐकले जाण्याची गरज असते. वाद्यवृंदाच्या बहुतेक रचना प्रसारणासाठी बांधल्या गेल्या आणि हवेतून गेल्या. त्यांची स्वरलिपी छापून संगीतशाळांपर्यंत नेली असती, निरनिराळ्या समूहांनी त्या वाजवल्या असत्या, तर बऱ्या-वाईटाची निवड होऊन काही रचना बंदिशीप्रमाणे परंपरेत मुरल्या असत्या. रचना टिकते ती अनेक हातांतून गेल्याने. सदारंगांच्या बंदिशी अशाच टिकल्या, आणि वाद्यवृंदाच्या रचनांना ती संधी मिळाली नाही.

दिल्लीत बांधलेल्या या विचाराचे पुढचे टप्पे पुष्कळसे परदेशात गाठले गेले. रवि शंकर यांची सतार आणि वाद्यसमूहासाठीची पहिली कन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि पूर्ण वाद्यमेळ यांच्यासाठी लिहिलेली बहुखंडी रचना, १९७१ मध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या निर्देशनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने सादर केली. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज या चार रागांवर तिचे चार खंड आहेत. दुसरी, ‘रागमाला’, १९८१ मध्ये झुबिन मेहता यांच्यासह न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने वाजवली. वाद्यमेळाने स्वरसंघात टाळून रागाच्या चौकटीत राहायचे आणि सतारीला मधूनमधून मोकळ्या जागा ठेवायच्या, हे दोन्हींतील सूत्र वाद्यवृंदाच्या काळातलेच. पाश्चात्त्य समीक्षकांपैकी काहींना या रचना एकपदरी वाटल्या आणि भारतातील काहींना त्या पाश्चात्त्य वाटल्या; दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि दोन्ही आक्षेप रचनेचा हेतू चुकवतात, कारण लिहिलेले आणि न लिहिलेले यांचे प्रमाण ठरवणे हाच त्या रचनांचा विषय होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे स्वागतगीत रवि शंकर यांनी दिल्लीसाठी बांधले तेव्हा मोठ्या समूहासाठी रागाधारित लेखन करण्याचा त्यांचा तीन दशकांचा अनुभव राजधानीत परत आला.

त्यानंतरच्या पिढीत दिल्लीत राहणारे सरोदवादक अमजद अली खाँ यांनी ‘समागम’ ही सरोद आणि वाद्यसमूहाची रचना २००८ मध्ये स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर सादर केली. दिल्लीतच वास्तव्य असलेल्या नेदरलंड्सच्या सास्किया राव-द हास यांनी तर प्रश्नाची दिशाच बदलली. एके काळी वाद्यवृंदात मागे बसून मंद्राचा भरणा करणारे चेलो हे वाद्य त्यांनी रागासाठी नव्याने घडवून घेतले: पाच मुख्य तारा, त्यांखाली सूर लागताच झंकारणाऱ्या दहा तरफा, आणि जमिनीवर बैठक मारून वाजवता येईल असा लहान आकार. हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे घेतलेल्या तालमीतून त्या या चेलोवर आलाप, जोड आणि विलंबित गत वाजवतात, आणि दरबारीचा आंदोलित गंधार, जो समूहाला एकत्र घेता येत नव्हता, तो या वाद्यावर एकाच वादकाच्या हातून, पूर्ण हेलकाव्यासह निघतो.